लाईट गेली की मॅनेज्ड स्विच सगळं विसरतो, काय चुकतंय?

भोसरीकर_लेथ | शुक्रवार, रात्री ९.४०

मंडळी नमस्कार. इथे पाककृती आणि राजकारण वाचायला येतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत आमचा छोटा मशीन शॉप आहे. चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), दोन जुने लेथ (त्यांचा नेटवर्कशी काही संबंध नाही, सुखी आहेत बिचारे), ऑफिसात सहा पीसी, त्यातल्या एकावर टॅली, बारा कॅमेरे, तीन वायफायचे ॲक्सेस पॉइंट आणि गेटजवळ हजेरीचं मशीन. इतकी वर्षं साधे स्विच (नेटवर्कच्या केबली एकत्र आणणारे डबे) एकामागे एक जोडून काम भागत होतं. पण हल्ली दुपारी टॅली अडकते, कॅमेऱ्याचं चित्र गोठतं, आणि सीएनसीला प्रोग्रॅम पाठवला की कधीकधी अर्ध्यातच तुटतो. ओळखीतल्या एकाने सांगितलं, मॅनेज्ड स्विच (ज्याची सेटिंग बदलता येते तो) घ्या, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क) करा, सगळं सुटेल. घेतला. चोवीस पोर्ट, पीओई (केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज), शिवाय दोन एसएफपीच्या (फायबर जोडायच्या) खाचा. बसवायला आलेल्या माणसाने खोका फोडला, केबली खुपसल्या, चहा प्यायला आणि गेला.

मग बुधवारी रात्री साडेअकरापर्यंत बसून मीच व्हिडिओ बघत बघत चार व्हीलॅन केले, पासवर्ड बदलला, पोर्टना नावं दिली. चाललं सुद्धा! गुरुवारी आमच्याकडे लाईट नसते, सुट्टी. आज सकाळी आलो तर स्विच कोरा. व्हीलॅन नाहीत, नावं नाहीत, पासवर्ड पुन्हा खोक्यावर छापलेला. स्विच खराब निघाला का? परत करू का?

---

पॅचपॅनेल | शुक्रवार, रात्री १०.०५

स्विच उत्तम आहे दादा, परत करू नका. तुम्ही सेव्ह केलं नाहीत.

यात सगळेच एकदा फसतात. स्विचमध्ये कॉन्फिगरेशनच्या (सगळ्या सेटिंगच्या) दोन प्रती असतात. एक चालू, ती रॅममध्ये. दुसरी सुरुवातीची, ती फ्लॅशमध्ये. तुम्ही ब्राउझरमध्ये स्विचच्या पानावर 'अप्लाय' दाबता तेव्हा बदल फक्त चालू प्रतीत होतो आणि लगेच अमलात येतो, म्हणून झालं असं वाटतं. वीज गेली की चालू प्रत पुसली जाते आणि स्विच उठताना सुरुवातीची प्रत वाचतो. तुमची सुरुवातीची प्रत कारखान्यातून आली तशीच होती. पानाच्या वरच्या कोपऱ्यात कुठेतरी 'सेव्ह' असेल. काही कंपन्यांच्या स्विचमध्ये ते चिन्ह लुकलुकत राहतं, पण ते लक्षात यायला आधी कोणीतरी सांगावं लागतं.

आता माझे प्रश्न. राउटर कोणता, कंपनीने फुकट दिलेला की तुम्ही घेतलेला? आयपी पत्ते (नेटवर्कवरचा प्रत्येक यंत्राचा नंबर) कोण वाटतं? आणि शॉपच्या टोकाला काय आहे, तिथले जुने स्विच काढलेत का?

---

खडूस_काका | शुक्रवार, रात्री १०.३०

मी वेगळा प्रश्न विचारतो. चौदा-पंधरा माणसांच्या जागेत व्हीलॅन हवेतच कशाला?

एक कॅमेरा साधारण चार मेगाबिट खातो. बारांचे झाले अठ्ठेचाळीस. गिगाबिट (हजार मेगाबिटच्या) स्विचला ते जाणवणारही नाही. टॅली अडकतेय ती कॅमेऱ्यांमुळे असं कोणी मोजून सांगितलं? कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर एका वेगळ्या स्वस्त स्विचवर टाका, बाकीचं होतं तसं ठेवा. पोट दुखतंय म्हणून कोणी सांगितलं आणि सरळ ऑपरेशन टेबलवर झोपलात, असं झालंय.

---

नवशिक्या_०७ | शुक्रवार, रात्री ११.१०

वाखु (वाचनखूण) साठवली. माझाही एक भाबडा प्रश्न: स्विच विकत आणला, केबल जोडली, पण त्याचं पान उघडायचं कसं? आमच्याकडे पान उघडतच नाही.

---

पॅचपॅनेल | शुक्रवार, रात्री ११.२५

@नवशिक्या, पत्ता कंपनीगणिक वेगळा. सिस्कोच्या स्मॉल बिझनेस मालिकेत १९२.१६८.१.२५४, नेटगिअरच्या स्मार्ट स्विचला १९२.१६८.०.२३९, डी-लिंकला १०.९०.९०.९०, टीपी-लिंकला बहुधा १९२.१६८.०.१. लॅपटॉपला त्याच पट्ट्यातला (पहिले तीन आकडे तेच, शेवटचा वेगळा) पत्ता हाताने द्यायचा आणि इतर सगळ्या केबली काढून एकट्या स्विचला जोडायचं. एकटं का, तर काही स्विच आधी राउटरकडे पत्ता मागतात. मिळाला तर तोच घेतात, आणि तुम्ही पुस्तकातल्या पत्त्यावर दार वाजवत बसता. तसं झालं असेल तर राउटरच्या यादीत स्विच कुठल्या पत्त्यावर आहे ते दिसेल.

@खडूस काका, हौस म्हणून व्हीलॅन नकोतच, मान्य. पण पाहुण्यांचं वायफाय आणि टॅलीचा पीसी एकाच जाळ्यात असणं मला पटत नाही. आणि सीएनसीचे कंट्रोलर जुने असतात, त्यांना अँटिव्हायरस वगैरे काही नसतं. ते बाजूला असलेले बरे.

---

भोसरीकर_लेथ | शनिवार, दुपारी १.१५

पॅचपॅनेल ताई, सेव्हचं चिन्ह सापडलं. वरती उजवीकडे, इतकं बारीक की माझ्या चष्म्याला दिसलं नव्हतं.

तुमची उत्तरं: राउटर इंटरनेटवाल्यांनी दिलेला, फायबरच्या डब्यातच आहे. पत्ते तोच वाटतो, १९२.१६८.१ चे. शॉपच्या टोकाला सोळा पोर्टचा जुना साधा स्विच तसाच आहे. त्यावर तीन सीएनसी, आठ कॅमेरे आणि डिस्पॅचचा पीसी. चौथी सीएनसी ऑफिसच्या भिंतीलगत आहे म्हणून तिची केबल सरळ नव्या स्विचला, पोर्ट ७. शॉपवरून येणारी केबल पोर्ट २३ ला.

आज सकाळी पुन्हा व्हीलॅन करायला बसलो आणि अर्ध्यात स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं. माझा लॅपटॉप पोर्ट १ ला होता. पोर्ट १ व्हीलॅन २० मध्ये टाकला, अप्लाय दाबलं आणि पान मेलं. आता पत्ता टाकला तरी काही उघडत नाही. बाजूला एक भोक आहे, त्यात टाचणी खुपसू का?

---

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १.३५

थांबा! टाचणी ठेवा खाली.

स्विचचं स्वतःचं पान अजून व्हीलॅन १ मध्ये आहे आणि तुम्ही व्हीलॅन २० मध्ये गेलात. घराबाहेर येऊन किल्ली आत ठेवल्यासारखं. आधी लॅपटॉप दुसऱ्या, हात न लावलेल्या पोर्टला जोडून बघा. तिथेही नाही उघडलं तर मग सांगा, सेव्ह केलं होतंत का?

---

भोसरीकर_लेथ | शनिवार, दुपारी १.४२

सगळे पोर्ट एकदम निवडून बदलले होते 😬 सेव्ह केलं नाही. घाबरून आधी इथे लिहिलं.

---

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १.४५

मग जेवणाच्या सुट्टीत स्विचची पिन काढा, दहा सेकंद थांबा, परत घाला. काल ज्याने रडवलं तेच आज वाचवेल.

मी ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. आमच्याकडे दूरच्या स्विचवर धोक्याचा बदल करायचा असेल तर आधी कमांड देऊन ठेवतो, 'रीलोड इन १०'. म्हणजे दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट. बदल नीट झाला तर ती कमांड रद्द करायची आणि सेव्ह करायचं. स्वतःला कोंडून घेतलंच तर दहा मिनिटं चहा प्यायचा, स्विच जुन्या प्रतीवर परत येतो. तुमच्याकडे ती सोय नसली तरी नियम तोच ठेवा. बदल करा, सगळं चालतंय का ते फिरून बघा, मग सेव्ह. आणि एक पोर्ट, समजा चोविसावा, कायम व्यवस्थापनासाठी राखून ठेवा. त्याला कधीच हात लावायचा नाही.

---

भोसरीकर_लेथ | शनिवार, दुपारी २.२०

आलो आत! राव, जीव भांड्यात पडला.

---

पॅचपॅनेल | शनिवार, दुपारी ३.००

छान. पण व्हीलॅनला लगेच हात लावू नका, तुमच्या उत्तरांत दोन अडचणी दिसतायत.

पहिली. शॉपवरचा साधा स्विच. व्हीलॅनचं कसं आहे, तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देते. जॉब एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो तेव्हा त्याच्याबरोबर रूट कार्ड (पुढे कुठे जायचं त्याचा कागद) जातं, गिऱ्हाइकाला देताना ते काढून घेतात. तसंच दोन मॅनेज्ड स्विचमधल्या केबलवरून डेटा जाताना प्रत्येक फ्रेमला (डेटाच्या तुकड्याला) चार बाइटचा टॅग लागतो, त्यात व्हीलॅनचा नंबर असतो. पीसीकडे जाताना स्विच तो टॅग काढून टाकतो. म्हणून स्विच-स्विचमध्ये 'टॅग्ड', पीसी-कॅमेऱ्याच्या पोर्टला 'अनटॅग्ड'. आणि अनटॅग्ड पोर्टवर पीव्हीआयडीही (आत येणाऱ्या विनाटॅग डेटाला मिळणारा व्हीलॅन नंबर) त्याच व्हीलॅनचा लागतो, नाहीतर डेटा एका दारातून आत येतो आणि भलत्याच खोलीत जातो. तुमच्या शॉपवरच्या साध्या स्विचला कार्ड वाचताच येत नाही. त्याच्यामागचे कॅमेरे आणि सीएनसी कधीच वेगळे होणार नाहीत. तिथे मॅनेज्ड स्विचच लागेल.

दुसरी. व्हीलॅन वेगळे केले की ते एकमेकांशी बोलत नाहीत. इंटरनेटही प्रत्येकाला वेगळं पोचवावं लागतं, आणि ते राउटरचं काम. इंटरनेटवाल्यांनी फुकट दिलेल्या डब्याला बहुतेक वेळा टॅग कळत नाहीत. स्विचला राउटिंग येत असलं तरी त्या डब्याला उलटा रस्ता शिकवावा लागतो की १९२.१६८.२० चं उत्तर स्विचकडे पाठव म्हणून, आणि ती सोय त्यात नसते. टॅग समजणारा छोटा राउटर वेगळा घ्या. मोठा खर्च नाही.

---

खडूस_काका | शनिवार, दुपारी ४.१०

पॅचपॅनेल बरोबर बोलतायत, पण गाडी पुन्हा खरेदीकडे निघाली. माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. टॅली का अडकते?

लेथदादा, मॅनेज्ड स्विच घेतलाच आहे तर त्याला आधी विचारा. व्हीलॅनच्या पानावर जाऊ नका. पोर्टच्या स्थितीचं पान उघडा आणि प्रत्येक पोर्टचा वेग (मेगाबिटमध्ये) आणि ड्युप्लेक्स (एकाच वेळी बोलणं-ऐकणं जमतं ते फुल, आळीपाळीने ते हाफ) लिहून काढा. मग आकडेवारीचं पान उघडा. तिथे एफसीएस किंवा सीआरसी चुका (वाटेत मोडलेल्या फ्रेम), लेट कोलिजन (उशिरा झालेली टक्कर) असे रकाने असतील. आकडे शून्यावर आणा, तासभर काम चालू द्या, परत बघा. फोटो नको, आकडे टंका.

---

भोसरीकर_लेथ | शनिवार, संध्या. ६.३०

काका, तासाभराचे आकडे:

पोर्ट २३ (शॉप): वेग १००, फुल ड्युप्लेक्स. एफसीएस चुका ४,८१२.
पोर्ट ७ (भिंतीलगतची सीएनसी): वेग १००, हाफ ड्युप्लेक्स. लेट कोलिजन ३७.
बाकी सगळे १०००, चुका शून्य. हजेरीचं मशीन १०० फुल, चुका शून्य.

---

खडूस_काका | शनिवार, संध्या. ६.५०

आता बोला.

पोर्ट २३. शॉपवरचा स्विच गिगाबिट असेल तर वेग १००० दिसायला हवा. हजारासाठी केबलच्या चारही जोड्या लागतात, शंभरासाठी फक्त १-२ आणि ३-६ नंबरच्या तारांच्या. एखादी जोडी गेली की बिचारा स्विच हजारावर जमेना म्हणून शंभरावर उतरतो, आणि साध्या स्विचवर ते कोणाला कळतही नाही. पण चुका येतायत, म्हणजे ज्या जोड्या चालू आहेत त्याही धड नाहीत. फ्रेम मोडून येते, स्विच ती फेकून देतो, समोरचा पुन्हा पाठवतो. टॅली अडकते ती इथे. डिस्पॅचचा पीसी आणि आठ कॅमेरे याच केबलवरून येतात ना?

पोर्ट ७. जुन्या कंट्रोलरमध्ये कोणीतरी वेग '१०० फुल' असा पक्का करून ठेवलाय. तुमचा स्विच ऑटोवर. समोरचा वाटाघाटीला तयार नसला की ऑटोवाल्याला वेग कळतो, ड्युप्लेक्स कळत नाही, मग तो नियमाने हाफ धरतो. एक बाजू बोलता बोलता ऐकते, दुसरी आळीपाळीने बोलू पाहते. छोटं काम निभतं, मोठा प्रोग्रॅम पाठवला की तुटतो. कंट्रोलर ऑटोवर येत असेल तर उत्तम. नसेल तर स्विचचा पोर्ट ७ पण १०० फुलवर पक्का करा. एका बाजूला ऑटो आणि एका बाजूला पक्का, हे कधीही नको.

उद्या केबल डोळ्यांनी बघून या. टोकापासून टोकापर्यंत, शिडी लावून.

---

सांगलीची_हळद | शनिवार, रात्री ८.१५

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे 😀 थोडं अवांतर. आम्ही एका क्लासचं नेटवर्क बघायचो. एक दिवस सगळंच बंद, स्विचचे सगळे दिवे एका तालात पेटत-विझत होते. दोन तास शोधल्यावर कळलं, सफाईच्या मावशींनी लोंबणारी केबल 'बरी दिसत नाही' म्हणून भिंतीतल्या रिकाम्या खाचेत घातली होती. दोन्ही टोकं एकाच स्विचला! एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना जाणारी) फ्रेम सुटली की ती गोल गोल फिरते, वाढत जाते, थांबतच नाही. दादा, तुमच्या स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री (असं वर्तुळ ओळखून एक वाट बंद करणारी सोय) चालू आहे का बघा.

---

रात्रपाळी | रविवार, पहाटे ३.२०

हळदताईंना +१. स्पॅनिंग ट्री रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी (डिजिटल इक्विपमेंट) कंपनीत असताना काढलं, आजही रोज कोणाची ना कोणाची अब्रू वाचवतं. 'रॅपिड' प्रकार निवडा. जुन्या प्रकारात पोर्ट चालू व्हायला तीस सेकंद लागतात, तोवर पीसी पत्ता मागून मागून थकतो. पीसी-कॅमेऱ्याच्या पोर्टना 'एज' म्हणून खूण करा. आणि ऑफिसातल्या मुख्य स्विचचा प्रायॉरिटी आकडा ३२७६८ वरून ४०९६ वर आणा. नाहीतर मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यातच मिळालेला नंबर) सगळ्यात लहान असलेला स्विच राजा होतो, आणि तो बऱ्याचदा अडगळीतला जुनाच असतो.

डीएचसीपी स्नूपिंग (भलत्याने आयपी पत्ते वाटणं अडवणारी सोय) असेल तर तेही चालू करा. कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून लावतो आणि तो स्वतःच पत्ते वाटत सुटतो, हे मी मोजायचं सोडून दिलंय.

---

भोसरीकर_लेथ | रविवार, दुपारी १२.४५

शिडी लावून आलो. शर्टाला ग्रीस लागलंय, बायको बोलत नाहीये.

केबल मशीनच्या पॉवर केबलच्या ट्रेमधूनच ओढलेली आहे, ड्राइव्हच्या केबलला चिकटून. कॉलम क्र. ४ च्या वर काळी चिकटपट्टी दिसली. सोडली तर आत जोड! आठही तारा सोलून, पीळ देऊन, पट्टी गुंडाळलेली, घरातल्या ट्यूबलाईटची वायर जोडतात तशी. तपकिरी तार तर हातातच आली. तारेचं टोक सुरीने खरवडलं, आतून रुपेरी निघालं. तांबं फक्त वरून फासलेलं. केबलवर मात्र झोकात 'कॅट ६' छापलंय.

ही केबल मीच ओढून घेतली होती, सहा वर्षांपूर्वी, स्वस्त मिळाली म्हणून. कोणाला काय बोलणार.

पोर्ट ७ काकांनी सांगितल्याप्रमाणे १०० फुलवर पक्का केला. आज मशीन चालू करून मोठ्यात मोठा प्रोग्रॅम पाठवला, एका दमात गेला. दोन वर्षं ऑपरेटरला शिव्या घातल्या.

---

पॅचपॅनेल | रविवार, दुपारी १.३०

वरून तांबं, आतून ॲल्युमिनियम. त्यावर पीओईही देऊ नका, तारा तापतात.

आता ट्रेमध्ये तांब्याची नवी केबल ओढू नका, फायबर टाका. स्विचला एसएफपीच्या खाचा आहेतच. फायबरला ड्राइव्हच्या गोंगाटाचं काही नाही, आणि दोन टोकांच्या अर्थिंगमधला फरकही तिच्यातून येत नाही. सिंगल मोड (लांब पल्ल्याची), दोन कोर, दोन्ही टोकांना त्या खाचेत बसणारे सारखे एलएक्स मॉड्यूल. दहा किलोमीटरचे असतात, शॉप किती लांब?

---

भोसरीकर_लेथ | रविवार, दुपारी १.४०

सत्तर मीटर 😀

---

भोसरीकर_लेथ | पुढच्या आठवड्यातला बुधवार, रात्री १०.५०

धागा वर काढतोय, काम झालं.

शॉपवर सोळा पोर्टचा छोटा मॅनेज्ड पीओई स्विच, मध्ये फायबर, ऑफिसात टॅग समजणारा राउटर. फायबरने आधी दमवलं, दोन्ही बाजूंना दिवाच लागेना. पाऊण तासाने एका बाजूच्या दोन पिना उलट्या केल्या आणि लागला. पाठवणारा पाठवणाऱ्यालाच जोडला होता.

व्हीलॅन असे: १० ऑफिस, २० कॅमेरे, ३० मशीन, ४० पाहुण्यांचं वायफाय. एक युक्ती ताईंनी फोनवर सांगितली, ती इथे नोंदवतो. चारही सीएनसी आणि हजेरीच्या मशीनला पत्ते हाताने घातलेले होते, १९२.१६८.१ चे. कंट्रोलरच्या मेनूत जाऊन ते बदलायची कोणाची छाती नव्हती. मग जुना पट्टाच व्हीलॅन ३० ला दिला, हजेरीही तिथेच ठेवली, आणि ऑफिसला नवा पट्टा दिला. ऑफिसचे पीसी आपोआप पत्ता घेतात, त्यांना कळलंही नाही. रेकॉर्डर आणि कॅमेऱ्यांचे पत्ते तेवढे हाताने बदलावे लागले.

ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टला १० अनटॅग्ड, ४० टॅग्ड. ऑफिसातल्या दोघांवर पाहुण्यांचं वायफाय चाललं, शॉपवरच्या तिसऱ्यावर चालेना. फायबरच्या पोर्टवर ४० घालायला दोन्ही टोकांना विसरलो होतो.

एफसीएस चुका शून्य. टॅली तेव्हापासून एकदाही अडकली नाही. काका, तुमचं बरोबर होतं, टॅलीसाठी व्हीलॅन लागले नसतेच.

---

नवशिक्या_०७ | बुधवार, रात्री ११.०५

अभिनंदन! आमच्याकडे आठ पोर्टचा पीओई स्विच, आठ कॅमेरे. दिवसा ठीक, संध्याकाळी सातनंतर दोन कॅमेरे बंद-चालू होतात. हे पण केबलमुळे?

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११.२०

स्विचचं एकूण पीओई बजेट बघा, बहुतेक ६० वॅटच्या आसपास असेल. प्रत्येक पोर्ट १५.४ वॅट देऊ शकतो, पण आठही एकदम नाही. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, मागणी वाढते, आणि स्विच प्रायॉरिटी सगळ्यात कमी असलेल्या पोर्टची वीज तोडतो. गल्ल्यावरच्या आणि दारावरच्या कॅमेऱ्याला प्रायॉरिटी 'क्रिटिकल' करा, एक-दोन कॅमेरे वेगळ्या अडॅप्टरवर टाका.

---

खडूस_काका | बुधवार, रात्री ११.३०

लेथदादा, उद्या गुरुवार.

---

भोसरीकर_लेथ | शुक्रवार, सकाळी ९.१०

काका, पहिला तेच बघायला आलो. सगळं जागच्या जागी आहे. सेव्ह केलं होतं, दोन्ही स्विचच्या कॉन्फिगची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, आणि कोणत्या पोर्टला काय आहे त्याचा कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवला.

फक्त एक गंमत. लॉगमध्ये आज सकाळचं सगळं १ जानेवारी २००० असं दिसतंय.

---

पॅचपॅनेल | शुक्रवार, सकाळी ९.२५

आत घड्याळाची बॅटरी नसते. एसएनटीपी (नेटवरून वेळ जुळवणारी सोय) चालू करून वेळेचा सर्व्हर द्या, दिल्लीच्या एनपीएलचा (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा) चालेल. आणि टाइम झोन अधिक ५.३० करायला विसरू नका. मग...

---

भोसरीकर_लेथ | शुक्रवार, सकाळी ९.२७

...सेव्ह. केलं ताई.